पुण्याची लस, लंडनचा शिक्का

(कोल्हापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



करवीरनगरीला परदेशप्रवास नवा नाही. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जात होते त्या काळात, १८७० साली, करवीरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षांचे. परक्या मुलखात, आर्नो नदीच्या काठी, हिंदू पद्धतीने त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला. तेथे उभारलेली छत्री आणि महाराजांचा अर्धपुतळा आजही पाहावयास मिळतो. जवळच्या पुलाचे नावही ‘भारतीयाचा पूल’ अशाच अर्थाचे आहे. पुढे १९०२ साली राजर्षी शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त इंग्लंडला जाऊन आले.

ते राजघराण्यांचे प्रवास होते. आज परिस्थिती पार पालटली आहे. गडहिंग्लजच्या शेतकरी घरातला मुलगा अभियांत्रिकीच्या पुढील शिक्षणासाठी जर्मनीला जातो, शिवाजी उद्यमनगरातला कारखानदार यंत्रांच्या प्रदर्शनासाठी युरोप गाठतो, राजारामपुरीतल्या काकू मुलीच्या बाळंतपणासाठी डिंकाचे लाडू घेऊन न्यू जर्सीला निघतात. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट एवढे जमले की उजळाईवाडीहून किंवा रात्रीच्या गाडीने मुंबई, आणि तेथून पुढे विमान. २०२१ च्या उन्हाळ्यात मात्र या तीन कागदांत चौथ्याची भर पडली आणि तो मिळवताना अशा हजारो घरांची झोप उडाली. तो कागद म्हणजे कोरोनाच्या लसीचे प्रमाणपत्र. त्या दीड-दोन वर्षांत काय घडले, कोणाचे कुठे चुकले, आपल्या शासनाने काय केले आणि काय करावयास हवे होते, हे शांतपणे पाहण्याची वेळ आता आली आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करावा लागेल. भारतात लसीकरणास १६ जानेवारी २०२१ रोजी सुरुवात झाली. प्रथम आरोग्यसेवक, मग ज्येष्ठ नागरिक, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व. कोविशिल्डच्या दोन मात्रांमधील अंतर प्रथम चार आठवड्यांचे होते. मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवडे झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. अंतर वाढवल्यास लस अधिक परिणामकारक ठरते, असे ब्रिटनमधील अनुभवावरून दिसत होते. हा निर्णय शास्त्राला सोडून नव्हता, पण विद्यापीठांचे वेळापत्रक शास्त्र पाहून ठरत नाही.

गणित मांडून पाहावे. ३१ मे रोजी पहिली मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्याला चौऱ्याऐंशी दिवसांनी, म्हणजे २३ ऑगस्टला दुसरी मिळणार. त्यानंतर चौदा दिवस गेल्याखेरीज बहुतेक देश ‘लसीकरण पूर्ण’ असे मानत नसत. म्हणजे ६ सप्टेंबर उजाडला. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांचे वर्ग ऑगस्टअखेरीस सुरू होतात, इंग्लंडमधील सप्टेंबरमध्ये. त्यातही ज्याला मे महिन्यात पहिली मात्रा मिळाली तो भाग्यवान म्हणावयाचा. लसीच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्रात अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटाचे लसीकरण मेच्या मध्यावर थांबवावे लागले होते. मुंबई-पुण्याच्या महापालिकांनी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र लसीकरण सत्रे ठेवली. प्रवेशपत्र आणि व्हिसाची प्रत दाखवून मुले तेथे रांगेत उभी राहिली. ज्या घरांनी जमीन तारण ठेवून बँकेचे कर्ज उचलले होते, त्या घरांत त्या दिवसांत काय चालले असेल, याची कल्पना येथे बसलेल्या प्रत्येक पालकाला करता येईल.

केंद्र शासनाने ७ जून २०२१ रोजी यावर मार्ग काढला. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी परदेशी जाणारे, तसेच टोकियो ऑलिंपिकला जाणारे खेळाडू व त्यांचे सहकारी यांना अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरी मात्रा घेता येईल, अशी कार्यपद्धती जाहीर झाली. प्रमाणपत्रावर पासपोर्टचा क्रमांक नोंदवण्याची आणि लसीचे नाव स्पष्ट ‘कोविशिल्ड’ असे लिहिण्याची सूचना त्याच आदेशात होती. ३१ मेची पहिली मात्रा असेल, तर दुसरी आता २८ जूनला. ऑगस्टमधले विमान गाठता येणार होते. ज्यांनी सरकारी यंत्रणेला केवळ दूषणे दिली त्यांनी हेही लक्षात ठेवावे, की दुसऱ्या लाटेच्या त्या भयानक दिवसांत, रुग्णालयांत खाटांसाठी धावाधाव चालू असताना, एवढ्या छोट्या वर्गाच्या अडचणीचा विचार कोणीतरी केला होता.

त्या टोकियो ऑलिंपिकमध्ये राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत या कोल्हापूरच्या दोघी नेमबाज भारताचे प्रतिनिधित्व करीत होत्या. खेळाडूंना तेथे लसीची सक्ती नव्हती, हे पुष्कळांना ठाऊक नाही. ज्या स्पर्धेसाठी साऱ्या जगातून माणसे एकत्र येणार होती, तिथे लस ऐच्छिक आणि एकट्या विद्यार्थ्याला वर्गात बसण्यासाठी ती अनिवार्य, अशी त्या काळातील नियमांची तऱ्हा होती.

दोन मात्रा झाल्या, प्रमाणपत्र हाती आले आणि खरी अडचण येथून सुरू झाली.

युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून आपले डिजिटल प्रमाणपत्र अमलात आणले. वृत्तपत्रांनी त्याला ‘ग्रीन पास’ म्हटले. या पासासाठी ज्या लसी आपोआप ग्राह्य धरल्या जाणार होत्या त्यांत ऑक्सफर्ड आणि अॅस्ट्राझेनेका यांची ‘वॅक्सझेव्हरिया’ होती, परंतु पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची कोविशिल्ड नव्हती. लस तीच, सूत्र तेच, परवाना त्याच मूळ कंपनीचा. जागतिक आरोग्य संघटनेने १५ फेब्रुवारी २०२१ रोजीच सीरमच्या या लसीला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतले होते. युरोपीय औषध संस्थेचे म्हणणे असे की, लस हे जैविक उत्पादन आहे. ते ज्या कारखान्यात तयार होते तो कारखानाही मान्यतेचा भाग असतो, आणि कोविशिल्डच्या मान्यतेसाठी आपल्याकडे अर्ज आलेलाच नाही.

हे म्हणणे कायद्याच्या अक्षराला धरून होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अर्ज वेळेवर का गेला नाही, हा प्रश्न भारतीय बाजूलाही विचारावा लागतो. परंतु अक्षर सांभाळताना विवेक कसा हरवतो, याचे उदाहरण लगेच जुलैमध्ये समोर आले. ब्रिटनने सीरमकडे एक कोटी मात्रांची मागणी नोंदवली होती. त्यांपैकी पन्नास लाख मात्रा मार्च २०२१ मध्ये पुण्याहून तिकडे गेल्या आणि ब्रिटिश नागरिकांच्या दंडात टोचल्या गेल्या. त्यांतील काही ज्येष्ठ मंडळी उन्हाळ्याच्या सुटीसाठी माल्टाला निघाली, तेव्हा त्यांच्या प्रमाणपत्रावरील गटक्रमांक भारतीय उत्पादनाचा आहे, या कारणाने त्यांना विमानात चढू दिले गेले नाही. ज्या ब्रिटनच्या विद्यापीठात लस शोधली गेली त्याच ब्रिटनचे नागरिक, आणि अडचण एवढीच की ती पुण्यात तयार झाली होती! काही दिवसांतच माल्टाने आपला नियम बदलला.

आफ्रिकी देशांची स्थिती याहून बिकट होती. गरीब देशांना लस पुरवण्याच्या ‘कोव्हॅक्स’ योजनेतून त्यांना मुख्यत्वे कोविशिल्डच मिळाली होती. श्रीमंत देशांच्या पैशांनी घेतलेली लस गरिबांना द्यायची आणि तीच टोचून ते दारात आले की ओळख नाकारायची, या प्रकाराविरुद्ध आफ्रिकी संघानेही जूनअखेरीस जाहीर नाराजी व्यक्त केली. भारताने युरोपीय देशांना कळवले की, आमचे प्रमाणपत्र मानाल तर तुमचे आम्ही मानू, नाही तर तुमच्या नागरिकांनाही येथे विलगीकरणात राहावे लागेल. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्पेन, ग्रीस, आयर्लंड अशा अनेक देशांनी जुलैच्या पहिल्या दिवसांतच कोविशिल्ड मान्य केली. संघाची यादी जशीच्या तशी राहिली, पण एकेका देशाने आपापले दार उघडले. सीरमचे अदर पूनावाला यांनी ऑगस्टमध्ये, जे विद्यार्थी अजूनही विलगीकरणाच्या खर्चात अडकत होते त्यांच्यासाठी दहा कोटी रुपये बाजूला काढल्याचे जाहीर केले.

हा खर्च किती होता? ब्रिटनने २३ एप्रिल २०२१ पासून भारताला लाल यादीत टाकले होते. ज्यांना प्रवेशाचा अधिकार होता अशा प्रवाशाला सरकारने ठरवलेल्या हॉटेलात दहा दिवस राहावे लागे आणि त्याचे १,७५० पाउंड मोजावे लागत. म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या वर. ऑगस्टच्या ८ तारखेला भारत लाल यादीतून बाहेर आला, तेव्हा पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तो फार काळ टिकला नाही.

१७ सप्टेंबरला ब्रिटिश शासनाने ४ ऑक्टोबरपासून लागू होणारे नवे नियम जाहीर केले. कोणत्या देशात घेतलेली लस ग्राह्य, याची यादी त्यात होती. बहारीन होता, बार्बाडोस होता, मलेशिया होता. भारत नव्हता. तोवर भारतात ऐंशी कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या होत्या. दोन्ही मात्रा घेतलेला भारतीय लंडनला उतरला की त्याची गणना लस न घेतलेल्यांत, आणि मग दहा दिवसांचे विलगीकरण व पुन्हापुन्हा चाचण्या. ओरड झाल्यावर २२ सप्टेंबरला नियमांत दुरुस्ती झाली आणि कोविशिल्डचे नाव मान्य लसींमध्ये आले. पण भारत अद्याप यादीबाहेरच! लस मान्य, ती टोचल्याचा भारतीय दाखला अमान्य. नवऱ्या मुलाला पसंत करावे आणि वरात मात्र वेशीवर अडवावी, अशातला हा प्रकार.

परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी न्यूयॉर्कमध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्री लिझ ट्रस यांच्यापुढे हा विषय मांडला. परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला यांनी हे धोरण भेदभावाचे असल्याचे जाहीरपणे सांगितले आणि प्रत्युत्तराचा अधिकार राखून ठेवला. १ ऑक्टोबरला ते प्रत्युत्तर आले. ४ ऑक्टोबरपासून भारतात येणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश नागरिकास, त्याने लस घेतली असो वा नसो, प्रवासापूर्वी, पोहोचल्यावर आणि आठव्या दिवशी चाचणी व दहा दिवस विलगीकरण बंधनकारक झाले. ७ ऑक्टोबरला ब्रिटिश उच्चायुक्त अॅलेक्स एलिस यांनी घोषणा केली, की कोविशिल्डच्या दोन मात्रा घेतलेल्या भारतीयांना ११ ऑक्टोबरपासून विलगीकरण नाही. भारतानेही १३ तारखेला आपले निर्बंध मागे घेतले. अवघ्या नऊ दिवसांत प्रकरण मिटले.

स्वाभिमानी परराष्ट्रनीतीचे हे उदाहरण म्हणून सांगितले जाते, आणि ते रास्तच आहे. वर्षानुवर्षे भारतीय प्रवासी परदेशी विमानतळांवर मुकाट्याने वेगळ्या रांगेत उभे राहत आले. ‘जशास तसे’ म्हणण्याची रीत तेथे नव्हती. परंतु या विजयाची दुसरी बाजू राष्ट्रप्रेमी माणसाने झाकून ठेवू नये. ब्रिटनने प्रमाणपत्राविषयी जी एक नेमकी तांत्रिक हरकत घेतली होती, ती जन्मतारखेची. कोविन प्रमाणपत्रावर नागरिकाचे केवळ वय छापलेले असे. पासपोर्टवर पूर्ण जन्मतारीख, लसीच्या दाखल्यावर नुसते वय. दोन कागद एकाच व्यक्तीचे आहेत, हे विमानतळावरच्या अधिकाऱ्याने ताडून कसे पाहावे? सप्टेंबरअखेरीस कोविनवर परदेशी जाणाऱ्यांसाठी दिवस-महिना-वर्ष अशी पूर्ण जन्मतारीख घालण्याची सोय झाली. ही सोय जूनमध्ये, पासपोर्ट क्रमांक जोडण्याच्या वेळीच सुचली असती, तर हरकतीचे एक निमित्त तरी हाती राहिले नसते. प्रमाणपत्रात नाव एका तऱ्हेने आणि पासपोर्टात दुसऱ्या तऱ्हेने, वडिलांचे नाव एकात मध्ये तर दुसऱ्यात शेवटी, हा घोळ तर महाराष्ट्रातल्या घरोघरी झाला. मराठी माणसाच्या नावाचे तीन तुकडे कोणत्या रकान्यात कसे भरायचे, हा प्रश्न संगणकाला आजही नीट सुटलेला नाही.

कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची कहाणी याहून लांबली. ही लस संपूर्ण स्वदेशी. हैदराबादची भारत बायोटेक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था यांचे हे संयुक्त काम. पुण्यातील संस्थेत विलग केलेल्या विषाणूपासून ती सिद्ध झाली. ‘आपली लस’ म्हणून हजारो स्वयंसेवकांनी आणि घरांतल्या ज्येष्ठांनी आग्रहाने तीच टोचून घेतली. कोणाला केंद्रावर उपलब्ध होती म्हणून मिळाली. आणि मग समजले की, जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ती नाही. अमेरिकेतील कित्येक विद्यापीठांनी अशा विद्यार्थ्यांना तेथे आल्यावर पुन्हा दुसरी लस घेण्यास सांगितले. आखातात नोकरी करणारा एक गृहस्थ, कोव्हॅक्सिन घेतल्यामुळे परत कामावर जाता येत नाही म्हणून कोविशिल्डची मात्रा मिळावी, ही मागणी घेऊन केरळ उच्च न्यायालयात गेला. तशीच मागणी सर्वोच्च न्यायालयापुढेही आली. पुन्हा लस देण्याचा आदेश काढून लोकांच्या जिवाशी खेळता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

राजारामपुरीतल्या ज्या काकूंचा उल्लेख आरंभी आला, तशा कित्येक आया या काळात अडकल्या. मुलीचे दिवस भरत आलेले, व्हिसा हातात, आणि दंडात टोचलेली लस तिकडच्या यादीत नाही. देशाच्या लसीवर विश्वास ठेवला ही त्यांची चूक होती काय? नाही. पण त्यांच्या विश्वासाची राखण करण्याचे काम ज्यांचे होते त्यांना वेळ लागला. संघटनेपुढे माहिती सादर होण्यास जुलै उजाडला. सुमारे पंचवीस हजार आठशे स्वयंसेवकांवर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले ते नोव्हेंबरमध्ये. लक्षणे दिसणाऱ्या आजारापासून ७७.८ टक्के संरक्षण, हा आकडा कोणत्याही परदेशी लसीपुढे मान खाली घालावी असा नव्हता. तो वेळेवर, जगाला पटेल अशा कागदांसह मांडला जायला हवा होता. अखेर ३ नोव्हेंबर २०२१ रोजी, ऐन दिवाळीत, जागतिक आरोग्य संघटनेने कोव्हॅक्सिनला मान्यता दिली. ऑस्ट्रेलियाने दोन दिवस आधीच प्रवासासाठी ती मान्य केली होती. ८ नोव्हेंबरला अमेरिकेने लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना दार उघडले, तेव्हा कोव्हॅक्सिन घेतलेलेही त्यातून आत जाऊ शकले. ब्रिटनने २२ नोव्हेंबरपासून ती स्वीकारली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये कारखान्याच्या तपासणीनंतर, उत्पादनपद्धतीतील त्रुटींमुळे, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमार्फत होणारा या लसीचा पुरवठा संघटनेने थांबवला. लस परिणामकारक आहे आणि तिच्या सुरक्षिततेविषयी शंका नाही, हेही त्याच निवेदनात होते. आपल्याकडे काहींनी पहिले वाक्य वाचले, काहींनी फक्त दुसरे.

रोगाची भीती, प्रवास आणि सत्ता यांचे नाते जुने आहे, आणि त्या नात्याचा मोठा भाग महाराष्ट्राच्या भूमीवरच घडला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. युरोपातील राष्ट्रांनी १८९७ मध्ये व्हेनिसला परिषद भरवली. विषय होता, हिंदुस्थानातून येणारा प्लेग कसा रोखायचा. आपल्या बंदरांत भारतीय माल आणि माणसे येऊ नयेत, हा त्यांचा आग्रह. इंग्रज सरकारला व्यापार बुडण्याची धास्ती. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाहतूक थांबवण्यात आली आणि फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा आला. हाच कायदा २०२० मध्ये कोरोनासाठी पुन्हा बाहेर काढला गेला. पुण्यात रँडच्या अंमलदारांनी घरांत घुसून काय केले आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत काय झाले, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. एवढे मात्र सांगितले पाहिजे की, सरकारी जुलमावर कोरडे ओढणाऱ्या लोकमान्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभे करण्यातही पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. जुलमाला विरोध आणि रोगाशी लढाई, या दोन गोष्टी त्या पिढीने एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत.

मुंबईतच वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या शरीरावर टोचून पाहिली. ती टोचून घेणाऱ्यांना दाखला मिळे, आणि दाखलाधारकास काही निर्बंधांतून सूट मिळत असे. लस घेतली असेल तर मोकळीक, नसेल तर अडवणूक, हे तत्त्व कोविनच्या सव्वाशे वर्षे आधीचे आहे. पुढे पंढरीच्या वाटेवर पटकीची लस आली. वारीला निघण्यापूर्वी दंडावर सुई टोचून घेतल्याच्या आठवणी या जिल्ह्यातल्या अनेक वारकरी घराण्यांत आजही निघतात. परदेशी जाणाऱ्याला देवीची लस घेतल्याचा दाखला तर १९७० च्या दशकापर्यंत पासपोर्टइतकाच आवश्यक होता. देवीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा १९८० मध्ये झाली आणि तो कागद इतिहासजमा झाला.

पिवळ्या तापाचा दाखला अजून शिल्लक आहे, आणि येथे भारत स्वतः किती कडक आहे हे पाहण्यासारखे आहे. हल्ली केनियाच्या जंगलसहलीला जाणारी मराठी कुटुंबे पुष्कळ. त्यांना अधिकृत केंद्रातच जाऊन ही लस घ्यावी लागते, आणि दहा दिवस उलटल्यावर दाखला वैध होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. दाखला नसताना पिवळ्या तापाच्या देशातून परतणाऱ्या प्रवाशाला, मग तो भारतीय नागरिक का असेना, सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. कारण उघड आहे. हा रोग पसरवणारा डास भारतात घरोघरी आहे, रोग मात्र आलेला नाही, आणि तो येऊ द्यायचा नाही. तसेच पोलिओचे. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्याच महिन्यापासून पाकिस्तान, अफगाणिस्तान, नायजेरिया अशा देशांतून येणाऱ्यांना पोलिओ लसीचा दाखला आवश्यक करण्यात आला. तेव्हा लसीची अट घालणे हाच मुळी अन्याय, असे भारतीयाला म्हणता येणार नाही. पिवळ्या तापाचा दाखला विचारताना तो केनियात टोचला की फ्रान्समध्ये, हे भारत पाहत नाही. ठरलेला नमुना, ठरलेली लस आणि अधिकृत शिक्का एवढेच पाहिले जाते. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत या एकाच रोगाचा असा उल्लेख आहे, आणि सर्व देशांनी तो आधीच मान्य केलेला आहे.

कोरोनाच्या वेळी असा मान्य नमुना नव्हता. जागतिक आरोग्य संघटना जानेवारी २०२१ पासून सांगत होती, की प्रवेशासाठी लसीच्या दाखल्याची अट घालू नका, जगाला लस पुरलेली नाही आणि लसीने संसर्ग किती रोखला जातो हेही पुरते स्पष्ट नाही. ते कोणी ऐकले नाही. आपणही फार वेगळे वागलो नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांना खुली झाली ती दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच, आणि रेल्वे स्थानकांबाहेर प्रमाणपत्रांवर शिक्के मारणारी टेबले लागली.

नियम आले तितक्या घाईने गेलेही. बारा मे २०२२ रोजी परदेशी जाणाऱ्यांना, त्या देशाच्या नियमानुसार, नऊ महिने पूर्ण होण्याआधी तिसरी मात्रा घेण्याची मुभा मिळाली. तोवर ब्रिटनने सर्व प्रवासनिर्बंध मार्चमध्येच उठवले होते. फ्रान्सने ऑगस्ट २०२२ मध्ये ते काढले. अमेरिकेने परदेशी विमानप्रवाशांवरील लसीची अट मे २०२३ पर्यंत ओढली, म्हणजे संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केल्यावर आणखी एक आठवडा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसला गेला आणि १ ऑगस्टला कांस्यपदक घेऊन आला, तेव्हा फ्रान्सच्या दारात लसीचा दाखला मागण्याचा नियम उरलेला नव्हता.

मागे राहिलेली एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. ५ जुलै २०२१ रोजी भारताने कोविनची प्रणाली जगातील कोणत्याही देशाला खुली करण्याची तयारी जाहीर केली. शंभर कोटींच्या देशात चाललेली, प्रत्येक प्रमाणपत्रावर पडताळणीचे चिन्ह असलेली ती व्यवस्था होती. परंतु ५ जून २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्य-प्रमाणपत्रांच्या जागतिक जाळ्यासाठी पाया म्हणून स्वीकारली ती युरोपीय संघाची प्रणाली. जो ग्रीन पास कोविशिल्डला ओळखत नव्हता, त्याचीच रचना पुढच्या साथीचा साचा झाली. कोविनमध्ये गुणवत्ता कमी होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. युरोपने सत्तावीस देशांचे कायदे, नमुने आणि पडताळणीची पद्धत आधी एका सूत्रात बसवली आणि मग ती इतर देशांना जोडत नेली. भारताने प्रणाली बांधली आणि तिची दारे उघडी ठेवली, पण इतर देशांशी परस्पर मान्यतेचे करार मात्र ऑक्टोबर २०२१ च्या भांडणानंतर घाईने करत सुटावे लागले.

आरोग्य नियमांतील २०२४ च्या दुरुस्त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत. ‘महासाथीची आणीबाणी’ ही नवी व्याख्या त्यात आहे, आणि प्रवाशांची आरोग्यविषयक कागदपत्रे कागदावर तशी डिजिटल स्वरूपातही असू शकतील, अशी तरतूद आहे. कोणता नमुना, कोणाची स्वाक्षरी, कोणत्या कारखान्याची लस, यांचे तपशील पुढच्या बैठकांत ठरत जातील. तेथे भारताच्या बाजूने बसणाऱ्या अधिकाऱ्यांत पुण्याच्या प्रयोगशाळेतील माणूस असेल की केवळ मंत्रालयातील, जन्मतारखेच्या रकान्याचा विचार करणारा कोणी असेल की नाही, हे खासदारांना आणि मंत्र्यांना आतापासून विचारता येईल. कोल्हापुरातूनही विचारता येईल. येत्या जूनमध्ये या शहरातून पुन्हा शेकडो मुले बॅगा भरून निघणार आहेत.